पाणी कधीचं आहे?

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतला म्हटलं की लोक पाण्याबद्दल हमखास एक गोष्ट विचारतात: टाकी किती लिटरची? उत्तर ऐकून मनातल्या मनात दिवसांचा भागाकार करतात आणि मान हलवतात. प्रश्न रास्तच आहे. पण त्या टाकीतल्या पाण्यावर काही काळ राहून बघितलं की 'किती'ला मागे सारून दुसराच प्रश्न पुढे येतो: हे पाणी कधीचं आहे? किती आहे ते निदान भिंतीवरचे दिवे सांगतात, तेही अर्धवट. कधीचं आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आमची टाकी दीडशे लिटरची आहे. पलंगाखालच्या फळ्या उचलल्या की तिची दुधी प्लॅस्टिकची पाठ दिसते. यापेक्षा निम्म्या टाक्याही असतात आणि दोनशेच्या वरच्याही. पाण्याचा हिशेब सोपा, लिटरला किलो. म्हणजे टाकी भरली की दोन धट्टीकट्टी माणसं गाडीत आडवी झोपवल्यासारखं वजन वाढतं, आणि ही माणसं वळणावर कूस बदलतात. अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी ब्रेक लावला की पुढे धावतं आणि गाडी सुटली की मागे. काही टाक्यांमध्ये त्यासाठी आडव्या पडद्या असतात, बऱ्याच टाक्यांमध्ये नसतात.

वजनापेक्षाही ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या सांध्यावर, यावा असा अमेरिकेत दंडक आहे. त्याहून कमी झाला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागू शकतो. समजा, अडीच हजार किलोचा ट्रेलर आहे आणि हिचवर २५० किलो येतात. टाकी चाकांच्या आसाच्या मागे दोन मीटरवर, आणि हिच आसाच्या पुढे पाच मीटरवर. आता दीडशे लिटर भरा. तरफेच्या हिशेबाने हिचवरचे साठ किलो उचलले जातात. राहिले १९०, आणि ट्रेलर झाला २६५० किलोचा. दहा टक्क्यांवरून थेट सातवर. टाकी आसाच्या बरोबर वर असेल तर यातलं जवळजवळ काहीच होत नाही, आणि पुढे असेल तर उलटं होतं, हिच जड पडते. म्हणून 'भरून निघावं की रिकामं?' या प्रश्नाचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. आपली टाकी नेमकी कुठे बसवली आहे ते आधी वाकून बघावं. भरून निघालात तरी टाकीचं वजन ट्रेलरच्या सामान वाहण्याच्या मर्यादेत मोजायचं असतं, आणि ती मर्यादा अनेक ट्रेलरना वाटते त्याहून फारच तोकडी असते.

भरून निघालेलं पाणी मुक्कामी पोचेलच याचीही खात्री नाही. टाकीला हवा जायला-यायला एक बारीक नळी असते, ती ट्रेलरच्या पोटाखाली उघडते. चढावर किंवा ब्रेकला पाण्याची लाट त्या नळीत चढली की वक्रनळीसारखी धार लागते आणि ती आपोआप थांबत नाही. आपण गाडीत गप्पा मारत असतो आणि मागे रस्ता शिंपला जात असतो. काहीजण त्या नळीवर तोटी बसवतात. बसवावी, पण भरताना आणि पंप चालवताना ती उघडायची आठवण ठेवणारं माणूसही सोबत हवं. हवा बाहेर पडली नाही तर भरताना टाकी फुगते, आणि हवा आत आली नाही तर पंप तिला आतून ओढतो. दोन्ही वेळा ताण टाकीवर आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर येतो.

टाकी भरणं हे मला ट्रेलरच्या कामांमधलं सगळ्यात आवडतं काम. नळ आधी थोडा वेळ नुसता वाहू द्यायचा, ओंजळीत घेऊन वास घ्यायचा. मग पिण्याच्या पाण्यासाठीची वेगळी नळी, पांढरी किंवा निळी, मध्ये फिल्टर, आणि तिचं टोक ट्रेलरच्या बाजूच्या तोंडात. हे टोक घट्ट कोंबायचं नाही. आत जाणाऱ्या पाण्याला आतल्या हवेशी जागेची अदलाबदल करायची असते. तोंड बंद केलं की टाकी ढेकर देते आणि गार पाण्याचा फवारा बाहीत शिरतो. नळी नीट तिरकी धरली की आत गुडगुड सुरू होते. सुरुवातीला आवाज घुमतो, खोल असतो. पाणी चढत जातं, वरची हवेची पोकळी आखूड होत जाते, तसा तो बारीक आणि चढा होत जातो. शेवटच्या दहा-पंधरा लिटरला तर जवळजवळ शीळ. एकदा नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजलं की त्या नळापुरता घड्याळावरून लिटरचा हिशेब होतो. घड्याळ आणि कान, दोघं मिळून दिव्यांपेक्षा पुष्कळ खरं बोलतात.

त्या दिव्यांबद्दल. भिंतीवर चार असतात: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. टाकीच्या बाजूला ठरावीक उंचीवर खिळ्यासारखे सेन्सर असतात, पाणी ज्याला टेकेल त्याचा दिवा लागतो. म्हणजे आमच्या टाकीत एक तृतीयांशचा दिवा लागलेला असताना आत पन्नास लिटर असू शकतात आणि नव्व्याण्णवही. एकूण एकच दिवा. ट्रेलर किंचित कलता उभा असेल तर तोही खोटा. शिवाय पंपाची नळी टाकीच्या एका कोपऱ्यातून पाणी उचलते, त्यामुळे उलट बाजूला उतार असेल तर आत पाणी असूनही नळ कोरडा पडतो. पलंगाखालच्या टाकीचा फायदा असा की टॉर्च लावून पाण्याची रेघ सरळ डोळ्यांनी बघता येते. आम्ही टाकीवर मार्करने लिटरचे आकडे लिहून ठेवले आहेत. पाहुण्यांना ते बघून हसू येतं. येऊ दे.

किती पुरतं? आपत्तीत मदतकार्य करणाऱ्या संस्था ज्याला मानतात त्या 'स्फिअर' मानकांमध्ये माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर धरले आहेत: पिणं, स्वयंपाक, अंगाची स्वच्छता सगळं मिळून. दोघांना दीडशे लिटर म्हणजे त्या मोजमापाने पाच दिवस. उलट, अमेरिकेत शॉवरला मिनिटाला साडेनऊ लिटरची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. म्हणजे त्या मर्यादेत बसणारा, पूर्ण धारेचा शॉवर आठ मिनिटं घेतला तर आमची निम्मी टाकी एका माणसाच्या अंगावरून वाहून जाते. म्हणून ट्रेलरमध्ये बोटीवरच्या खलाशांची पद्धत चालते: ओलं व्हा, बंद करा, साबण लावा, उघडा, धुवा. शॉवरच्या मुठीवरचं बटण दाबून बंद केल्यावरही एक बारीक धार चालू राहते, तो बिघाड नसतो. गरम-गार पाण्याचा जमलेला मेळ मोडू नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. गरम पाणी येईपर्यंत नळीतलं जे गार पाणी वाहून जातं ते किटलीत धरायचं. हे सगळं चार दिवसांत अंगवळणी पडतं, त्यात शौर्य वगैरे काही नाही.

काटकसरीला खरा लगाम लावते ती दुसरीच टाकी. बेसिन आणि शॉवरचं सांडपाणी वेगळ्या टाकीत जातं, संडासाचं तिसऱ्या. सांडपाण्याची टाकी ताज्या पाण्याच्या टाकीहून लहान असेल तर ती आधी तुंबते, आणि मुक्काम तिच्या मर्जीने संपतो. ताज्या टाकीत अजून तीस-चाळीस लिटर शिल्लक आणि शॉवरच्या तळाशी पाणी वर यायला लागलेलं, हा प्रसंग ट्रेलरवाल्यांना नवा नाही. आणि माझ्या मते सगळी गोम या शिल्लक पाण्यातच आहे.

कारण शिल्लक पाणी कोणी फेकत नाही. आमच्याकडे यावरून नवऱ्याचा आणि माझा ठरलेला संवाद होतो.

"चांगलं पाणी आहे गं. वाया का घालवायचं?"

"चांगलं होतं. आता आठवड्याचं आहे."

"टाकी बंदच तर आहे. त्याला काय होणार आहे?"

काय होणार आहे ते सांगते. नळाच्या पाण्यात आलेला क्लोरीन हा पाण्याबरोबर आलेला पहारेकरी, आणि त्याची पाळी ठरावीक वेळेची असते. उष्णतेने, उजेडाने आणि टाकीच्या भिंतीवर जे काही चिकटलेलं असतं त्याच्याशी लढताना तो खर्च होतो. नंतरचं पाणी दिसायला तसंच असतं. भिंतीवर मात्र हळूहळू एक बुळबुळीत थर धरायला लागतो, बोट फिरवलं तरच कळेल इतका पातळ. त्या थरात जिवाणू सुरक्षित राहतात आणि नव्या पाण्यातल्या क्लोरीनलाही सहज दाद देत नाहीत. उन्हात उभ्या असलेल्या ट्रेलरची टाकी कोमट होते, आणि कोमट, न हलणारं पाणी ज्याला विशेष मानवतं असा एक जिवाणू आहे, लीजिओनेला. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे आलेल्या अनेकांना न्यूमोनिया झाला, त्यातले काही दगावले, आणि पुढच्या वर्षी ज्याचा छडा लागला तो हाच. साधारण पंचवीस ते पंचेचाळीस अंश सेल्सिअसमध्ये तो जोमाने वाढतो. पाणी पिण्यापेक्षा त्याचे तुषार श्वासातून आत गेल्याने बाधा होते, म्हणजे प्रश्न शॉवरचा. 'आम्ही प्यायला वेगळे कॅन ठेवतो, टाकीचं पाणी फक्त अंघोळीला' हे उत्तर म्हणूनच मला पुरेसं वाटत नाही. प्रत्येक साठलेल्या टाकीत हा जिवाणू आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला घर बांधून देण्याची गरज नाही.

वरून नवं पाणी घातलं की जुनं संपतं, हाही एक गोड गैरसमज. टाकी निम्मी वापरायची आणि पुन्हा भरायची, असं केलं तर पहिल्या पाण्याचा निम्मा भाग आत राहतो, पुढच्या वेळी पाव, मग एक अष्टमांश. चार वेळा भरल्यावरही सोळावा हिस्सा तोच जुना. शिवाय भिंतीवरचा थर तर पूर्ण जुना.

गंमत म्हणजे पाण्याची चंगळ असते तिथेच पाणी जास्त जुनं होतं. कॅम्पसाइटवर नळ असला की ट्रेलरची दुसरी जोडणी वापरतात. बाहेरच्या नळाचं पाणी, दाब आटोक्यात ठेवणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरमधून, थेट आतल्या पाइपांत येतं. टाकी आणि पंप दोघंही बाजूला पडतात. आठ-दहा दिवस मजेत नळाचं ताजं पाणी वापरलं जातं आणि पलंगाखाली प्रवासाच्या आधी भरलेलं पाणी तसंच उबत पडतं. पुढच्या मुक्कामी नळ नाही, म्हणून पंप चालू केला की तेच पाणी पेल्यात. त्यामुळे नळ शेजारी असला तरी आम्ही टाकीच भरतो आणि पंपावरच राहतो. थोडी वीज जाते, नळीची उचलाठेव होते, पण टाकीतलं पाणी फिरतं राहतं. आणखी एक फायदा: पाइपाचा सांधा सुटला तर घरात फार तर टाकीभर पाणी येईल. बाहेरचा नळ रात्रभर थांबणार नाही.

या बाबतीत ब्रिटिश कॅरव्हॅनवाल्यांचा मला हेवा वाटतो. त्यांच्याकडे ॲक्वारोल नावाचा चाळीस लिटरचा पिंप असतो. तो आडवा पाडून, दांडा लावून, रोलरसारखा ढकलत नळावर न्यायचा, भरून ढकलत आणायचा आणि ट्रेलरच्या बाहेर उभा करून त्यात छोटा पंप सोडायचा. दिवस-दोन दिवसांत पिंप रिकामा. तिथे पाणी म्हातारं व्हायला सवडच मिळत नाही. मोठी टाकी ही चैन आहे खरी, पण तिच्याबरोबर जुनं पाणीही आपसूक मिळतं.

पंपाबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण टाकीशी आपलं बोलणं त्याच्या मार्फतच होतं. बारा व्होल्टचा, नारळाएवढा असतो. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो, पंपाचा स्विच ते ओळखतो आणि घुर्र सुरू. नळ बंद केला की दाब पुन्हा चढतो आणि पंप गप्प. म्हणजे सगळे नळ बंद असताना त्याने वाजायचं काही कारण नाही. रात्री मात्र अंधारात एखाद्या वेळी नुसतं 'घुर्र' असं अर्ध्या सेकंदाचं ऐकू येतं. आम्ही दोघंही जागे असतो आणि दोघंही झोपेचं सोंग घेतो.

"वाजला का?"

"हं."

मग टॉर्च घेऊन शोध. बेसिनखाली सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवायचा, ओला झाला तर तिथेच गळती. संडासाच्या तळाशी बारीक पाझर आहे का, बाहेरच्या शॉवरचा नळ पूर्ण बंद आहे का, ते पाहायचं. कुठेही ओल नाही आणि तरी पंप मधूनमधून वाजतो, तर बहुधा पंपाच्या आतली एकेरी झडप थकलेली असते आणि दाब मागच्या मागे टाकीत परत जात असतो. ही झडप नीट बसत नसली की दुसरी करामत करते: ट्रेलर बाहेरच्या नळाला जोडलेला असताना टाकी आपोआप भरायला लागते आणि ओव्हरफ्लोमधून पाणी गळतं. टाकी संपत आली की पंपाचा सूर बदलतो. हवा ओढायला लागला की तो भराभर आणि पोकळ वाजतो, नळ थुंकतो. तेव्हा ताबडतोब बटण बंद. ट्रेलर सोडून फिरायला जातानाही पंप बंदच ठेवायचा. गळती झालीच तर पाइपात असेल तेवढंच पाणी जमिनीवर येईल.

आता धुण्याबद्दल. मोसमाच्या सुरुवातीला आणि ट्रेलर बराच काळ उभा राहिला असेल तर आम्ही टाकी ब्लीचने धुतो. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: साधं, बिनवासाचं, पाच-सहा टक्क्यांचं ब्लीच लिटरमागे एक मिलिलिटर. याने पाण्यात लिटरला सुमारे पन्नास मिलिग्रॅम क्लोरीन होतो. हल्ली जास्त तीव्रतेची ब्लीचही मिळतात, म्हणून बाटलीवरची टक्केवारी वाचून हिशेब करावा. आधी फिल्टरची काडतुसं काढायची. ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं आणि टाकी अगदी तोंडापर्यंत भरायची, कारण वरच्या भिंतीलाही ते लागलं पाहिजे. मग एकेक नळ, गरम आणि गार दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडायचा. बाहेरचा शॉवर विसरायचा नाही, तो सगळेच विसरतात. हिटरमधून ब्लीच न्यायचं की नाही ते त्याच्या पुस्तिकेत बघावं. चार तास तसंच ठेवायचं. ही घाईची गोष्ट नाही, तो बुळबुळीत थर भेदायला वेळच लागतो. नंतर सगळं सोडून द्यायचं आणि वास जाईपर्यंत दोन-तीनदा साध्या पाण्याने खळबळायचं. चव उरली तर थोडा खाण्याचा सोडा. व्हिनेगर वापरायचं असेल तर ब्लीच पूर्ण धुऊन गेल्यावरच. दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि ट्रेलरसारखी कोंदट जागा त्यासाठी सगळ्यात वाईट.

फक्त गरम नळाला सडक्या अंड्याचा वास आला तर टाकीला दोष देऊ नका. हिटरमध्ये गंज रोखणारी मॅग्नेशियमची कांडी असली, तर तिच्या आणि पाण्यातल्या एका जातीच्या जिवाणूंच्या संगनमताने तो वास तयार होतो. हिटर धुतला की जातो.

शिल्लक पाण्याचं आमचं भांडण अखेर मिटलं ते असं: निघायच्या दिवशी उरलेलं पाणी ट्रेलर पुसायला, पायऱ्या आणि चाकं धुवायला. त्यावरही उरलं तर जिथे सोडलेलं चालतं तिथे ड्रेन उघडायचा. टाकीच्या झाकणावर एक चिकटपट्टी आहे, भरल्याची तारीख तिच्यावर लिहायची. सगळं पाणी सोडल्याशिवाय ती तारीख बदलायची नाही. वरून भर घातली तरी जुनीच तारीख राहते. हा नियम नवऱ्याला जाचक वाटतो, पण पट्टीवर लिहायचं काम त्याच्याकडेच आहे.

गोठणाऱ्या हवेत ट्रेलर उभा करायचा असेल तर याहून कडक शिस्त लागते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप, पंप, झडपा काहीही फोडू शकतं. टाकी, हिटर आणि पाइपांच्या सर्वांत खालच्या तोट्या उघडून सगळं रिकामं करायचं. मग हिटरचा बायपास लावून त्याला वगळायचं आणि पाइपांमध्ये गुलाबी रंगाचं प्रॉपिलिन ग्लायकॉलचं द्रावण फिरवायचं. गाडीच्या रेडिएटरमधलं इथे चालत नाही, ते विषारी असतं. मोसम सुरू होताना हे सगळं धुऊन काढलं की बायपास पुन्हा फिरवायचा, आणि गरम नळातून अखंड धार येते आहे हे बघेपर्यंत हिटरचं विजेचं बटण दाबायचं नाही. कोरड्या हिटरमधली कॉइल बघता बघता जळते.